फाईलमध्ये ‘अल्बिनिझम’ लिहिलंय, हो म्हणावं का?

प्रश्न : आम्हाला ६ वर्षांचा मुलगा आहे. दुसरं मूल दत्तक घ्यायचं हे आमचं फार आधीपासून ठरलेलं. गेल्या आठवड्यात २२ महिन्यांच्या एका मुलीची फाईल आमच्यासमोर आली. त्यात ‘अल्बिनिझम, नजर कमी, तिरळेपणा, शस्त्रक्रियेचा सल्ला’ एवढंच लिहिलंय आणि खाली सांभाळणाऱ्या बाईंची एक ओळ आहे : ‘नजरेला नजर देत नाही, आपल्यातच असते.’ तीन फोटो आणि एक छोटा व्हिडिओ आहे. जन्मदात्यांची काहीच माहिती नाही. केस पांढरे, डोळे राखाडी-निळे. सासूबाई म्हणतात, या मुलीला उन्हामुळे आयुष्यभर घरात कोंडून ठेवावं लागेल. आम्हाला मात्र उन्हापेक्षा त्या शेवटच्या ओळीची भीती वाटते. ती आमच्याकडे बघणारच नसेल तर आमची कशी होईल? उत्तर द्यायला थोडेच दिवस आहेत. काय बघायचं, काय विचारायचं आणि तिला घरी आणलं तर काय काय बदलायचं? – एक आई

सप्रेम नमस्कार,

ज्या ओळीने तुम्हाला धडकी भरली तीच आधी घेऊ. तुमचा होकार-नकार तिच्यावर अडकलाय, आणि अल्बिनिझम (म्हणजे कातडी, केस आणि डोळ्यांत जन्मापासून रंगद्रव्य कमी असणं) असलेल्या मुलांबाबतीत तिचा अर्थ फार वेळा चुकीचा लावला जातो.

या मुलांचे डोळे सतत, बहुधा आडवे, हलत असतात. ही थरथर, म्हणजे निस्टॅग्मस, साधारण दोन-तीन महिन्यांच्या वयात दिसू लागते. पुढे बऱ्याच मुलांना नजरेची अशी एक दिशा सापडते, जिथे थरथर सर्वांत कमी होते आणि चित्र जास्त स्पष्ट दिसतं. तिला नल पॉइंट म्हणतात. ही दिशा डावीकडे असेल तर समोरच्या माणसाकडे नीट बघायला मूल चेहरा उजवीकडे वळवतं आणि डोळे डाव्या कोपऱ्याकडे नेतं. बघणाऱ्याला वाटतं, पोर तोंड फिरवतंय. ते त्या क्षणी तुम्हाला निरखून बघत असतं. त्यात दोन-तीन मीटरपलीकडचे चेहऱ्यावरचे भाव तिला टिपता येत नसतील, तर लांबून केलेल्या हसण्याला ती हसून उत्तर देणार कशी? एकेका बाईला अनेक मुलं सांभाळावी लागतात तिथे असं मूल ‘आपल्यातच असणारं’ ठरायला वेळ लागत नाही.

तरीही ती ओळ संपूर्ण डोळ्यांच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका. एकाच वागण्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात. एक, अल्बिनिझमचे डोळे. दोन, संस्थेतलं आयुष्य, जिथे हाकेला कुणी ओ देतंच असं नाही. तीन, यांपैकी कशाशीच संबंध नसलेलं काही : ऐकू कमी येणं, ऑटिझम किंवा वाढीतला दुसरा काही अडथळा. अल्बिनिझममुळे बुद्धी कमी होत नाही. त्यामुळे मोठा विलंब दिसला तर ‘अल्बिनिझम आहे म्हणून’ हे उत्तर पुरेसं मानायचं नाही, कारण शोधायचं.

हे तिन्ही वेगळे करायला आणखी एक व्हिडिओ मागा आणि त्यात काय हवंय ते लेखी कळवा. पाच मिनिटांचा चालेल. खोलीत झगझगीत उजेड नको, खिडकी मुलीच्या पाठीशी हवी. ओळखीच्या बाईंनी हातभर अंतरावर बसून तिच्याशी गाणं म्हणत, टाळ्या वाजवत खेळावं. मग मागून, तिला न दिसता, नेहमीच्या आवाजात हाक मारावी. काळ्या कापडावर एक छोटी पांढरी वस्तू आणि पांढऱ्या कापडावर एक गडद वस्तू ठेवून ती किती अंतरावरून ओळखून उचलते ते टिपावं. शेवटी तिला सपाट जमिनीवरून जाड सतरंजीवर चालत जाऊ द्यावं. आवाजाकडे वळते का, ओळखीच्या आवाजाने चेहरा खुलतो का, आवाजांची नक्कल करते का, हवी ती वस्तू मिळवायला धडपडते का, हे बघा. नजर कमी असलेली पण मनाने जोडली जाणारी मुलगी आवाजाला आणि स्पर्शाला दाद देते. सतरंजीच्या कडेशी अडखळली किंवा पाय उगाच उंच उचलला तर घाबरू नका. अल्बिनिझममध्ये डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात विरुद्ध बाजूला जातात, त्यामुळे दोन्ही डोळ्यांची चित्रं नीट जुळत नाहीत आणि खोल-उथळाचा अंदाज कच्चा राहतो.

व्हिडिओबरोबर कागदही मागा : जन्माचं वजन, डोक्याच्या घेराच्या तारखांसह नोंदी, लसीकरण, श्रवणचाचणी, डोळे कुणी तपासले आणि त्यांनी काय लिहिलं, आजवर किती वेळा दवाखान्यात दाखल करावं लागलं. अल्बिनिझमचं निदान नुसतं केस आणि कातडी बघून केलेलं असू शकतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना बुबुळाच्या रंगीत भागातून आरपार येणारा प्रकाश आणि दृष्टिपटलाचा अर्धवट घडलेला मध्यबिंदू दिसला असेल, तर निदान पक्कं धरता येतं. नातेवाइकांपैकी कुणी ‘कोड’ म्हणेल. कोडात असलेला रंग नंतर जातो. अल्बिनिझम जन्मापासून असतो, त्याचा कोडाशी संबंध नाही आणि दोन्हींतलं काहीच संसर्गजन्य नाही.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही आणि फाईलमध्येही नाही, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. फाईलमध्ये शस्त्रक्रियेचा सल्ला आहे. रक्तस्रावाचा प्रश्न निकाली निघाल्याशिवाय ती शस्त्रक्रिया होऊ देऊ नका.

अल्बिनिझमच्या काही मोजक्या प्रकारांत कातडी-डोळ्यांबरोबर शरीरातलं आणखी काही बिघडलेलं असतं. त्यातला मुख्य प्रकार हर्मान्स्की-पुड्लाक सिंड्रोम. या दोन चेक डॉक्टरांनी त्याचं वर्णन १९५९ साली केलं. जगभर तो दुर्मीळ आहे, मात्र पोर्तो रिकोच्या वायव्य भागात साधारण १८०० माणसांत एकाला आढळतो. यात प्लेटलेटची, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशींची, संख्या पुरेशी असते, पण त्यांच्या आतले, रक्त गोठवायला लागणारे सूक्ष्म कण नसतात. म्हणून नेहमीची रक्ततपासणी नॉर्मल येते, प्लेटलेटची संख्या नॉर्मल, रक्त गोठण्याच्या पीटी आणि एपीटीटी या चाचण्याही नॉर्मल, आणि सगळे निर्धास्त होतात. मग दात काढताना किंवा डोळ्याच्या शस्त्रक्रियेत रक्त थांबता थांबत नाही. स्वतःच्या पोटच्या मुलाबाबतीत आई सांगू शकते की तिच्या भावालाही असंच व्हायचं. तुमच्या मुलीच्या मागे सांगणारं कुणी नाही, म्हणून तपासणीनेच ते भरून काढायचं.

संस्थेला विचारा : घोळणा फुटतो का, किती वेळ वाहतो? अंगावर कारण नसताना काळे-निळे डाग पडतात का? लस टोचल्यावर रक्त किती वेळ येत राहिलं? ती घरी आली की रक्तविकारतज्ज्ञांना भेटून थेट हर्मान्स्की-पुड्लाकचं नाव घ्या. प्लेटलेट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून किंवा अल्बिनिझमच्या जनुकांची एकत्रित चाचणी करून ते कळतं. जनुकचाचणीचा दुसरा फायदा म्हणजे अल्बिनिझमचा प्रकारही समजतो. निकाल येईपर्यंत तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तितकं. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन अजिबात नाही. लस टोचल्यावर जागा न चोळता दोन-तीन मिनिटं दाबून धरा. निदान झालंच तरी शस्त्रक्रिया बंद होत नाहीत, फक्त डेस्मोप्रेसिनसारखं औषध किंवा प्लेटलेट आधी तयार ठेवाव्या लागतात. पुढे मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव, आतड्याची सूज आणि काही उपप्रकारांत मोठेपणी फुप्फुसं घट्ट होत जाणं, यांवर लक्ष ठेवावं लागतं. हा शेवटचा भाग गंभीर आहे आणि तो लपवून तुमचा होकार मिळवावा असं आम्हाला वाटत नाही.

दुसरा, याहूनही दुर्मीळ प्रकार चेडियाक-हिगाशी सिंड्रोम. त्यात मुलाला पुन्हा पुन्हा मोठे जंतुसंसर्ग होतात, केसांना बहुधा चंदेरी झाक असते. रक्ताच्या काचपट्टीवर पांढऱ्या पेशींत मोठाले कण दिसतात, म्हणजे सुरुवातीची तपासणी सोपी आहे. तो असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार लवकर करावा लागतो, म्हणून संसर्गांचा इतिहास होकार देण्यापूर्वीच विचारा. बहुसंख्य मुलांत यांपैकी काही नसतं. त्यांना फक्त डोळे आणि कातडी सांभाळायची असते आणि त्यांचं आयुष्यमान इतरांसारखंच असतं.

तिरळेपणाची शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. आधी चष्मा, गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी, मग शस्त्रक्रियेचा विचार. शस्त्रक्रियेने डोळे सरळ दिसतात. नल पॉइंटसाठी मान फार वाकडी करावी लागत असेल तर डोळ्यांचे स्नायू सरकवून ती दिशा मध्याजवळ आणता येते. दृष्टी मात्र त्याने सामान्य होत नाही. डोळ्यांत रंग भरणारी, थरथर कायमची घालवणारी म्हणून जी औषधं, थेंब, व्यायाम सांगितले जातील त्यांच्या मागे लागू नका. मेलॅनिनची, म्हणजे रंगद्रव्याची, कमतरता भरून काढणारा सिद्ध उपाय आज उपलब्ध नाही.

तिला किती दिसेल? बहुतेकांची दृष्टी ६/१८ ते ६/१२० या पट्ट्यात असते. ६/६० म्हणजे इतरांना जे ६० मीटरवरून दिसतं त्यासाठी तिला ६ मीटरवर यावं लागेल. केसांच्या रंगावरून नजर सांगता येत नाही, आणि रंगही बदलू शकतो. काही प्रकारांत पांढरे केस पुढे पिवळसर, सोनेरी होतात. चष्म्याने नजर पूर्ण का सुधारत नाही हे घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा, नाहीतर ‘चष्मा लावूनही दिसत नाही, नंबर चुकलाय’ म्हणून दुकानं बदलत बसाल. दृष्टिपटलाचा जो मध्यबिंदू बारीक तपशील टिपतो तो, म्हणजे फोव्हिया, घडतानाच अर्धवट राहिलेला असतो. चष्मा दृष्टिपटलावर पडणारी प्रतिमा स्पष्ट करतो, पण ती टिपणारा भाग बदलू शकत नाही. तरी चष्मा हवाच, कारण या मुलांना लांबचा, जवळचा किंवा तिरकस नंबर बहुधा बराच मोठा असतो आणि तो दुरुस्त न केल्यास आहे ती नजरही वाया जाते. बालनेत्रतज्ज्ञांकडे घरी आल्यावर महिनाभरात एकदा, लहानपणी साधारण दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा.

दोन वर्षांचं मूल चष्मा भिरकावतं तेव्हा हट्ट समजण्याआधी तीन गोष्टी बघा : नाकावरून घसरतोय का, कानामागे टोचतोय का, नंबर तपासताना बाहुली मोठी करणारे थेंब टाकले होते का. काचा पॉलिकार्बोनेटच्या, फ्रेम मऊ, मागे पट्टा. पहिले काही दिवस तिला सर्वांत आवडणाऱ्या जवळच्या खेळापुरताच चष्मा लावा, मग वेळ वाढवा. प्रकाशासाठी वेगळा गडद चष्मा ठेवा, कडेने तिरीप येणार नाही असा. तपकिरी किंवा अंबर छटा बऱ्याच मुलांना सोयीची वाटते. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा एकमेव उपाय म्हणून घेऊ नका. त्या गाडीच्या समोरच्या काचेआड नीट काळ्या होत नाहीत, आणि घरात शिरल्यावर काही मिनिटं काळ्याच राहतात, म्हणजे नेमकं पायरी शोधताना अंधारतं.

पुस्तक नाकाला टेकवून बघू द्या. जवळ नेल्याने अक्षर मोठं दिसतं, तो तिचा भिंग आहे. त्याने डोळे बिघडत नाहीत. वाकडी मान सरळ करू नका. टीव्हीपुढे फूटभरावर उभी राहिली तर राहू द्या. या तीन गोष्टींवरून घरातले मोठे या मुलांना दिवसातून अनेकदा टोकतात, आणि मूल हळूहळू बघायचा प्रयत्नच सोडून देतं. हे थांबवण्याचं काम तुमचं.

आता ‘आमची कशी होईल’ या प्रश्नाचा गाभा. दत्तक आलेल्या मुलाला माणूस नाहीसं होण्याची भीती असते. तिला नीट दिसत नसेल तर तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलात तरी तिच्यापुरते नाहीसे झालेले असता. म्हणून खोली सोडताना बोला : ‘आई आत चालली, लगेच येते.’ आतून बोलत राहा. परत येताना लांबूनच नाव घेऊन या. न बोलता जवळ जाऊन एकदम उचलू नका, तिला ते अचानक झडप घातल्यासारखं वाटतं आणि ती अंग आक्रसते. मग आपण म्हणतो, जवळ येत नाही. सुरुवातीला भरवणं, अंघोळ, झोपवणं तुम्हा दोघांनीच करा आणि प्रत्येकाची एक ठरलेली खूण ठेवा, जसं बाबांनी तळहातावर थोपटणं. एकच साबण, एकच तेल वापरत राहा, वासाने ओळख पटते. तिच्या चेहऱ्यापासून फूट-दीड फुटावर, तिच्या नल पॉइंटच्या बाजूला बसून हसा. घराबाहेर जाताना एकरंगी, ठळक कपडे घाला, म्हणजे गर्दीत तिला तुमचा रंग सापडेल. बारीक फुलाफुलांच्या कपड्यांत तुम्ही तिच्यासाठी विरघळून जाता. लांबून हात हलवून बोलावण्याची सवय घरातल्या सगळ्यांनी सोडायची, त्याऐवजी आवाज द्यायचा. आणि तिने मान वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं की थांबा, तिला बघून घेऊ द्या. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ असं कधी म्हणू नका. समुपदेशकाकडे गेलात तर त्यांनाही हे आधी सांगा, नाहीतर नजर देत नाही एवढ्यावरून जोडलं न जाण्याचा शिक्का बसेल.

घरात मोठे बदल लागत नाहीत. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला विरोधी रंगाची पट्टी, तिच्या बसायच्या जागी उजेड पाठीमागून किंवा बाजूने, खिडक्यांना पातळ पडदे, पांढऱ्या भांड्यात पांढरा पदार्थ नको. उघड्या बल्बचा दिवा तिच्या डोळ्यांच्या रेषेत नको. वस्तू जागच्या जागी. उन्हातून आत आल्यावर किंवा बाहेर पडल्यावर उंबरठ्यावर क्षणभर थांबायची सवय लावा.

शाळेला अजून वेळ आहे, पण एक हिशेब आताच लक्षात ठेवा. नल पॉइंट डावीकडे असेल तर तिला पुढच्या रांगेत उजवीकडे बसवायचं, म्हणजे फळा आपोआप तिच्या डावीकडे येतो. नल पॉइंट उजवीकडे असेल तर उलट. खिडकी पाठीशी. नुसतं ‘पहिल्या बाकावर बसवा’ म्हणून भागत नाही. चुकीच्या बाजूला बसलेलं मूल दिवसभर मान पिळून दमतं आणि दुपारपर्यंत चिडचिडं होतं. उतरता डेस्क, साधारण १८ पॉइंटचं ठळक छापील, कागदावर ठेवायचा घुमटाकार भिंग, चार-पाच वर्षांपासून फळ्यासाठी छोटी एकनळी दुर्बीण, पुढे फळ्यावरचं थेट दिसणारा टॅबलेट आणि सात-आठ वर्षांपासून न बघता टंकलेखन. काही मुलांचं वाचन इतकं संथ आणि थकवणारं असतं की ब्रेलही शिकवणं शहाणपणाचं ठरतं. दिसत असताना ब्रेल कशाला, असं म्हणून ते टाळू नका. खेळांत वेगाने येणारा लहान चेंडू तिला अवघड जाईल. पळणं, पोहणं, कुस्ती, ज्युदो जमेल.

सासूबाईंना सांगा की ऊन हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. त्याला शिस्त लागते, कोंडून ठेवणं लागत नाही. क्रम असा : आधी वेळ आणि सावली, मग कपडे, शेवटी सनस्क्रीन. बरीच घरं हा क्रम उलटा करतात. सनस्क्रीन फासून दुपारी मैदानात सोडतात आणि मूल भाजून परत येतं. साधारण १० ते ४ ही वेळ टाळा, किंवा पूर्ण झाका. अतिनील निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण तयारीनेच बाहेर. लांब बाह्या, घट्ट विणीचं कापड. यूपीएफ ५० लिहिलेलं कापड फक्त पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के अतिनील किरण आत सोडतं. ओला पांढरा सुती शर्ट फारसं अडवत नाही, पोहताना हे विसरलं जातं. टोपीला चारही बाजूंनी किमान सात-आठ सेंटिमीटर कड हवी, नुसत्या पुढच्या झापेने कान आणि मान उघडी राहते.

सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वर, शक्यतो ५०, आणि यूव्हीए-यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार अडवणारं. लहान कातडीला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं सोसतं. चूक होते ती प्रमाणात. डब्यावरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. लोक सहसा त्याच्या निम्मंही लावत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाच्या सगळ्या अंगाला साधारण १५ मिली, म्हणजे तीन चहाचे चमचे लागतात. तुमच्या मुलीला आज दोनेक चमचे, पण कपडे नीट असतील तर फक्त चेहरा, मान, कान, हात आणि पावलं, म्हणजे एक चमचाही पुरतो. बाहेर पडण्याआधी १५ ते ३० मिनिटं, मग दर दोन तासांनी, आणि घाम किंवा पाण्यानंतर लगेच. कानांच्या वरच्या कडा, केसांचा भांग, मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग आणि ओठ नेहमी राहून जातात. तापलेल्या गाडीत ठेवलेली बाटली खराब होते. ढगाळ दिवशीही अतिनील किरण येतातच, गाडीच्या बाजूच्या काचांतून आणि घराच्या खिडक्यांतून यूव्हीए आत येतं. कोणतंही नवं औषध घेताना ‘याने उन्हाची संवेदना वाढते का’ हे विचारा. सतत आत आणि झाकून राहिल्याने ड जीवनसत्त्व कमी असू शकतं. पहिल्या तपासणीत ते बघून घ्या, पूरक मात्रा डॉक्टर ठरवतील.

वर्षातून एकदा कातडीच्या डॉक्टरांकडून सगळं अंग तपासून घ्या. चार आठवड्यांत न भरणारी जखम, खपली धरत राहणारा खरबरीत चट्टा, वाढणारी गुलाबी गाठ, यांपैकी काही दिसलं तर वर्षाची वाट बघू नका. अल्बिनिझममध्ये कर्करोगाची गाठ काळी नसून गुलाबीही असू शकते, त्यामुळे ‘काळा तीळ बघत राहा’ हा नेहमीचा सल्ला इथे अपुरा आहे.

रस्त्यावर लोक थांबून विचारतील. एक छोटं उत्तर ठरवून ठेवा : ‘तिला अल्बिनिझम आहे, म्हणजे अंगात रंग कमी आहे आणि लांबचं कमी दिसतं.’ ती दत्तक आहे हे अनोळखी माणसाला सांगायची गरज नाही. ती माहिती तिची आहे आणि कधी, कुणाला द्यायची हे पुढे तिने ठरवायचं. या दोन गोष्टी घरातही वेगवेगळ्या ठेवा. पाच-सहा वर्षांचं मूल स्वतःच त्या जोडतं : ‘मी अशी पांढरी म्हणून त्यांनी मला सोडलं का?’ तुम्हाला कारण माहीत नाही, तेव्हा ‘नाही’ म्हणू नका आणि गोष्टही रचू नका. ‘का सोडलं ते आम्हाला माहीत नाही. तुझा रंग तुझ्यामुळे झालेला नाही, तो दोन्ही जन्मदात्यांकडून एकेक जनुक आलं म्हणून झाला. आणि आम्ही तुझी फाईल वाचून, आम्हाला तू अशीच हवी होतीस म्हणून आणलं.’ हे एवढं खरं आहे, आणि ती विचारील तितक्यांदा ते सांगावं लागेल. ‘परी’, ‘देवाने धाडलेली’ असं कौतुक करणाऱ्यांनाही हळूच थांबवा. तिला लोकांच्या नवलाचं ओझं नको.

तुमच्या मुलाला तिचा फोटो दाखवण्याआधी आमचा एक आग्रह आहे : ‘तिला दिसत नाही’ असं वाक्य त्याच्या कानावर घालू नका, कारण तो तेच शाळेत सांगेल. ‘तिला जवळचं दिसतं, लांबचं पुसट, आणि जास्त उजेडात डोळे दिपतात’ हे सहा वर्षांच्या मुलाला पुरतं. त्याला स्वतःचं एक काम द्या. या मुलांना अर्धवट उघडी दारं आणि जमिनीवर पडलेली, जमिनीच्याच रंगाची खेळणी सर्वांत जास्त लागतात. दार एकतर पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, आणि खेळून झालं की खेळणी पेटीत, ही सवय त्याला आत्तापासून लावायला घ्या. मुलगी आली नाही तरी त्याचं काही बिघडणार नाही, आणि आली तर पहिल्या दिवशीच कपाळाला टेंगूळ येणार नाही.